अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश न मारता फोटो कसे काढतात? आणि त्यासाठी लोक थीम पार्कला एकटेच का जातात?

डिस्नेलँड म्हटलं की किल्ला, आतषबाजी आणि मिकी माउसच्या गळ्यात पडलेली पोरं असले फोटो आपल्या फीडमध्ये येतात. पण थीम पार्कच्या चाहत्यांमध्ये एक छोटी जमात अशी आहे, जिला यातलं काहीच नको असतं. हे लोक पार्कमध्ये एकटे येतात. रोलर कोस्टरच्या वाटेला फारसे जात नाहीत. एखाद्या बंद इमारतीतल्या संथ राइडच्या रांगेत उभे राहतात, आत जातात, दहा मिनिटांनी बाहेर येतात आणि परत त्याच रांगेत जाऊन उभे राहतात. गळ्यात कॅमेरा आणि आत मिट्ट अंधार.

आता अंधारात फोटो काढायचाच कशाला? आणि काढायचाच असेल तर फ्लॅश मारून माणूस एकदाचा मोकळा का होत नाही? या दोन साध्या प्रश्नांच्या मागे लागलं की १८६२ सालच्या लंडनमधल्या एका खेळापासून ते आपल्याकडच्या निवडणुकीतल्या थ्रीडी सभांपर्यंत बरंच काही हाती लागतं.

आधी बघू, डार्क राइड म्हणजे काय?

गणपतीतले हलते देखावे आठवा. मूर्ती हलतात, मागून आवाज येतो, एकेका पात्रावर लाइट पडतो आणि आपण मांडवात उभं राहून बघतो. डार्क राइडमध्ये हेच सगळं असतं, फक्त तिथं प्रेक्षकालाच गाडीत किंवा होडीत बसवतात आणि एकामागून एक देखाव्यांमधून फिरवून आणतात. इमारत चारी बाजूंनी बंद. बाहेरच्या उजेडाला आत शिरायला फट नाही. आतला प्रत्येक दिवा कुठं पडणार आणि कुठं पडणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

'डार्क' म्हटलं तरी भुताटकीच असली पाहिजे असं नाही. जगभरच्या बाहुल्या एकच गाणं म्हणतात ती 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' हीसुद्धा डार्क राइडच. १९६४च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरसाठी ती बनवली आणि १९६६ मध्ये डिस्नेलँडला आणली. ती चांगली उजळ आहे, त्यामुळं या छंदात नवीन असलेले लोक हात साफ करायला बहुतेक तिथंच जातात. (गाणं डोक्यातून जात नाही, ही जोखीम आपली आपण घ्यायची.)

प्रकार तसा जुना आहे. १९०१ मध्ये अमेरिकेत बफेलो इथल्या प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसननं 'अ ट्रिप टू द मून' नावाचा खेळ केला. लोकांना एका यानात बसवायचं आणि देखावे, दिवे, आवाज यांच्या जोरावर चंद्रावर पोचल्याचा भास द्यायचा. पुढं १९२८च्या सुमारास न्यू जर्सीच्या लिऑन कॅसिडीनं रुळावरून गरगर वळत जाणारी छोटी विजेची गाडी अंधाऱ्या खोल्यांत सोडली. आपण प्रेट्झेलसारखे पिळून निघालो असं कुणीतरी म्हणालं, म्हणून कंपनीचं नावच प्रेट्झेल पडलं. जत्रांमधल्या स्वस्त भुताच्या गाड्या याच वंशातल्या.

१७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्यात स्नो व्हाइट, पीटर पॅन आणि मिस्टर टोड अशा तीन डार्क राइड होत्या. स्नो व्हाइटच्या राइडमध्ये गंमत अशी की खुद्द स्नो व्हाइटच नव्हती. गाडीत बसलेला माणूस म्हणजेच स्नो व्हाइट, त्याच्या नजरेतून गोष्ट दिसते, अशी कल्पना होती. लोकांना ते काही कळलं नाही. ती कुठं आहे, असं ते विचारत राहिले. शेवटी १९८३ मध्ये तिची बाहुली आत ठेवली.

मग १९६७ मध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आली. हो, जॉनी डेपच्या सिनेमाआधी ३६ वर्षं. सिनेमा राइडवरून निघाला, राइड सिनेमावरून नाही. त्यानंतर ९ ऑगस्ट १९६९ला आलं 'हाँटेड मॅन्शन'. अंधारात फोटो काढणाऱ्या मंडळींची ही पंढरीच म्हणायची, म्हणून पुढची उदाहरणं बरीचशी तिथलीच आहेत.

फ्लॅश मारला की नेमकं काय बिघडतं?

आपल्याला वाटतं, फ्लॅशनं शेजाऱ्याचे डोळे दिपतात, मूड जातो, म्हणून मनाई असणार. ते खरंच आहे. उजेडातून अंधारात आल्यावर आपल्या डोळ्यांना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. राइड त्याच्या आतच संपते. म्हणजे माणूस आधीच अर्धवट सरावलेला असतो, त्यात एक लखलखाट झाला की पुढचे दोन-तीन देखावे त्याच्यासाठी गेलेच. रांगेत तास घालवलाय त्यानं.

पण दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. फ्लॅश मारला की तुमचा स्वतःचा फोटोही वाया जातो. कारण जे बघायला आत गेलात ते फ्लॅशच्या उजेडात अस्तित्वातच नसतं.

हाँटेड मॅन्शनमध्ये संगमरवरी पुतळ्यांची मुंडकी गाणं म्हणतात. ओठ हलतात, डोळे फिरतात. प्रत्यक्षात ते पुतळे हलत नाहीत. गाणाऱ्या माणसांच्या चेहऱ्याची फिल्म त्या पांढऱ्या मुंडक्यांवर प्रोजेक्टरनं टाकलेली असते. (त्यातला एक चेहरा वॉल्ट डिस्नेचा आहे असं पुष्कळ लोक छातीठोक सांगतात. नाही. तो थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट या गायकाचा आहे.) यावर फ्लॅश पडला की प्रोजेक्टरचा उजेड धुऊन निघतो आणि फोटोत येतात फक्त कोरी पांढरी मुंडकी.

त्याच घरात नाचाच्या दालनाचा देखावा आहे. आपण वरच्या सज्जातून जातो आणि खाली जेवणाच्या टेबलाभोवती, हवेत, आरपार दिसणारी भुतं नाचताना दिसतात. ही युक्ती म्हणजे 'पेपर्स घोस्ट'. हेन्री डर्क्सची कल्पना आणि जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये लोकांसमोर केलेला प्रयोग. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये मोठी काच उभी करायची. लोकांना न दिसणाऱ्या जागी एका माणसावर जोरदार उजेड टाकायचा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि तो रंगमंचावर हवेत उभा असल्यासारखा वाटतो. रात्री बसच्या खिडकीत आपलाच चेहरा बाहेरच्या शेतावर तरंगताना दिसतो ना, तेच.

२०१४च्या लोकसभा प्रचारात नरेंद्र मोदींच्या एकाच वेळी अनेक ठिकाणी झालेल्या 'होलोग्राम' सभा आठवत असतील. त्यामागचं तत्त्वही हेच होतं. काचेच्या जागी जवळजवळ न दिसणारा ताणलेला पडदा आणि माणसाच्या जागी प्रोजेक्टर, एवढाच फरक.

हाँटेड मॅन्शनमधली टेबलं-खुर्च्या खऱ्या, त्या काचेपलीकडे. नाचणारी भुतं मात्र आपल्या बाजूला, आपल्या वाटेच्या वर आणि खाली लपवलेली. दिसतं ते त्यांचं प्रतिबिंब. आरशात डावं-उजवं उलटतं, त्यामुळं नाचताना पुरुषांऐवजी बायका पुढाकार घेताना दिसतात. फ्लॅश मारणाऱ्याच्या फोटोत यातलं काहीही येत नाही. येतो काचेवरचा एक पांढरा गोळा.

आणि तिसरी गोष्ट रंगाची. जुन्या डार्क राइडमध्ये काळ्या भिंतींसमोर चमकत्या रंगाची चित्रं असतात. त्यावर अतिनील दिवे सोडतात. ते किरण आपल्याला जवळजवळ दिसत नाहीत. रंग ते शोषतो आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतो. त्यामुळं चित्र आतूनच पेटल्यासारखं वाटतं आणि आजूबाजूचं सगळं गायब होतं. मिस्टर टोडच्या राइडमधली बरीच पात्रं म्हणजे कापलेल्या सपाट फळ्या आहेत. अतिनील उजेडात ती जिवंत वाटतात. फ्लॅशमध्ये फळी, खिळे, वायरी, छत, सगळा संसार उघडा पडतो.

एखाद्याला नेमकं तेच बघायचं असतं, हे मान्य. पण मग तो राइडचा फोटो राहत नाही, गोदामाचा होतो.

मग फोनचा नाइट मोड आहे की!

बहुतेकांना वाटतं, आता फोन हुशार झालेत, नाइट मोड लावला की काम झालं. इथंच गडबड आहे. जरा हिशोब करून बघू.

नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही. एक-दोन सेकंद, कधी जास्त, तो अनेक फोटो घेत राहतो आणि ते एकमेकांवर बसवून एक उजळ फोटो तयार करतो. समोर उभी इमारत असेल आणि हात स्थिर असेल तर निकाल भारी येतो. पण समजा तुमची गाडी सेकंदाला अर्धा मीटर चालतीय. हा वेग काहीच नाही, रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. तरी दोन सेकंदांत तुम्ही एक मीटर पुढं गेलात. पाव सेकंदाचा फोटो घेतलात तर साडेबारा सेंटिमीटर. एक साठांश सेकंद, म्हणजे शटर १/६० ठेवलंत, तर एक सेंटिमीटरपेक्षाही कमी.

म्हणून अनुभवी लोक साधारण १/६०च्या आसपास राहतात आणि भूत स्वतःच हलत असेल तर आणखी वर जातात. पण एवढ्या कमी वेळात कॅमेऱ्यात उजेड शिरणार किती? तिथं लेन्स कामाला येते. कॅमेऱ्यासोबत फुकट येणारी १८-५५ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. कॅमेरे वापरणाऱ्यांमध्ये हीच सगळ्यात परवडणारी लेन्स म्हणून ओळखली जाते, त्यामुळं या छंदाला लाखोंची सामग्री लागते हा समज चुकीचा आहे. एकच अडचण येते. ५०ची लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर जास्तच जवळचं दाखवते. अरुंद राइडमध्ये ३५ मिलिमीटर बरी पडते.

उरलेली कसर आयएसओ भरून काढतो. ३२००, ६४००, गरज पडली तर त्याहून वर. फोटोवर दाणे येतात, येऊ द्या. दाणे नंतर सॉफ्टवेअरनं कमी करता येतात. हललेला फोटो कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही.

आता एक उलटी गोष्ट सांगते. अंधारात फोटो फसतात ते कमी उजेडामुळं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कितीतरी फोटो जास्त उजेडामुळं फसतात. हाँटेड मॅन्शनमध्ये मादाम लिओटा नावाची भविष्य सांगणारी बाई आहे. बाई म्हणजे काचेच्या गोळ्यातलं नुसतं बोलणारं डोकं. चेहरा झगझगीत आणि भोवतीची खोली काळीकुट्ट. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, खोली अंधारी आहे असं ठरवतो आणि उजेड वाढवतो. परिणाम, चेहऱ्याच्या जागी पांढरा बल्ब. इथं एक्स्पोजर मुद्दाम दोन पायऱ्या खाली आणावं लागतं. फोनवरही हे करता येतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. खोली काळी राहील. राहू दे, ती काळीच आहे.

अतिनील दिव्यांचा त्रास वेगळा. कॅमेऱ्याला हे रंग झेपत नाहीत आणि सगळं निळं-जांभळं करून टाकतो. म्हणून रॉ फॉरमॅटमध्ये फोटो काढायचा, म्हणजे रंग घरी येऊन ठीक करता येतात. नव्या राइडमध्ये प्रोजेक्टर फार असतात, तिथं शटर फार जलद ठेवलं की चित्रावर रंगीत पट्टे येतात. काही प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक फेकतात. डोळा ते मिसळून घेतो, जलद शटर त्यातला एखादाच पकडतं. तिथं १/६०वर परत यायचं.

फोकसचा तर खेळच आहे. अंधारात ऑटोफोकस पुढं-मागं करत बसतो आणि देखावा निघून जातो. त्यात कॅमेऱ्याला फोकससाठी एक छोटा लाल किंवा नारिंगी दिवा असतो, तो आपोआप पेटतो. फ्लॅश बंद केला म्हणून निर्धास्त असलेला माणूस या दिव्यानं अख्ख्या होडीचे शिव्याशाप खातो. मेन्यूत जाऊन तो आधीच बंद करायचा. स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी. फोन डोक्याच्या वर धरून अख्खी राइड शूट करणं तर नकोच. मागच्या रांगेतल्या माणसाला भुतांऐवजी तुमचा आयताकृती चंद्रच दिसत राहतो.

एकटं जाण्याचा संबंध काय?

वरचं सगळं वाचून एक गोष्ट लक्षात आली असेल. पहिल्या फेरीत हे जमणार नाही. कुठला देखावा डावीकडे आहे, कुठं गाडी वळते, कुठं भूत दोनच सेकंद दिसतं, हे कळायला एक फेरी नुसती बघण्यातच घालवावी लागते. मग दुसरी, तिसरी. एका फेरीत एक किंवा दोन देखावे पकडायचे, असं ठरवून आत जावं लागतं.

आता हे चार जणांच्या ग्रुपमध्ये करून दाखवा. एकाला भूक लागलेली असते, एकाला कोस्टर हवा असतो, पोराला सू लागलेली असते. तिसऱ्यांदा त्याच भुताच्या घराच्या रांगेत उभं राहूया म्हटलं तर मैत्री तुटेल.

म्हणून एकटं. आणि एकट्याला आत गेल्यावर एक छान फायदाही मिळतो. हाँटेड मॅन्शनच्या गाड्यांना 'डूम बग्गी' म्हणतात. काळ्या शिंपल्यासारख्या, पाठीमागून आणि बाजूनं झाकलेल्या. त्या एका अखंड साखळीत फिरत राहतात आणि प्रत्येक देखाव्याजवळ स्वतःच वळून आपलं तोंड बरोबर तिकडं करतात. ही पद्धत डिस्नेनं १९६७ मध्ये दुसऱ्या एका राइडसाठी पहिल्यांदा वापरली. एकट्या माणसाला सहसा अख्खी बग्गी मिळते. शेजारी कुणी नाही, पुढचा माणूस दिसत नाही, मागच्याला तुमची स्क्रीन दिसत नाही. होडीच्या राइडमध्ये मात्र हे सुख नाही. तिथं रांग भरायला एकट्याला कुठंही कोंबतात. पुढची रांग हवी असेल तर चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारायचं, थांबावं लागलं तर थांबायचं. गर्दी नसेल तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. 'एकटे जा, सिंगल रायडरची छोटी रांग मिळते' असा सल्ला रील्समध्ये सारखा दिसतो. ही रांग असते, पण जिथं रिकामी सीट भरून काढायची असते अशा मोजक्या राइडना. डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न कोस्टर किंवा मिलेनियम फाल्कनला ती मिळू शकते. हाँटेड मॅन्शन, पायरेट्स, पीटर पॅन या जुन्या डार्क राइडना ती नाही. तिथं एकटे असा नाहीतर बारा जण, रांग तीच. त्यातून वाचण्याचा मार्ग म्हणजे पार्क उघडताना पहिल्यांदा आत शिरणं किंवा रात्री शेवटी थांबणं. पीटर पॅनची राइड छोटी आणि तिची रांग कायम मोठी. तिला सकाळीच उरकायचं.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. लोक काय म्हणतील?

एकट्यानं सिनेमाला जाणं आपल्याकडं आता कुठं पचायला लागलंय. थीम पार्क तर 'फॅमिली'साठीच असतं असं पक्कं डोक्यात बसलेलं. राइडच्या दारात कर्मचारी विचारतो, किती जण? आणि एक बोट वर करावं लागतं. मुलगी एकटी असेल तर त्या एका बोटावर चार नजरा जास्त पडतात, हे काही लपून राहिलेलं नाही. खरं सांगायचं तर राइडमध्ये बसल्यावर हा प्रश्न संपतो, कारण आत कुणालाच कुणी दिसत नाही. अडचण असते ती जेवणाच्या वेळी. ट्रे हातात, टेबल धरायला कुणी नाही, बॅगेत कॅमेरा. तेव्हा गर्दीच्या वेळेआधी अकरालाच जेवून घेणं आणि कॅमेऱ्याची बॅग पायाला अडकवून बसणं, हा एकट्या फिरणाऱ्यांचा जुना उपाय आहे. घरच्यांशी लोकेशन शेअर करून ठेवायचं आणि पॉवर बँक न्यायची, हे वेगळं सांगायला नको.

जपानमध्ये मात्र एकट्यानं जेवणाऱ्या, फिरणाऱ्या माणसासाठी 'ओहितोरिसामा' असा आदरार्थी शब्दच आहे. टोकियो डिस्नेसी हे पार्क ४ सप्टेंबर २००१ला सुरू झालं. तिथं सिंदबादच्या सफरींची होडीची राइड आहे. लांबलचक, हलत्या बाहुल्यांनी भरलेली आणि बहुतेक वेळा रांग छोटी. परत परत बसायला याहून सोयीची जागा कमी. सुरुवातीला ती बरीच गंभीर आणि भीतीदायक होती. २००७ मध्ये ती बदलली, ॲलन मेंकनचं गाणं आलं आणि सिंदबादला सोबत म्हणून वाघाचं एक पिल्लू दिलं. त्याचं नाव चंदू. खोटं नाही, चंदूच. जपानमध्ये त्याची खेळणी विकली जातात.

एकट्या मोठ्या माणसाला सगळीकडं प्रवेश मिळतोच असंही नाही. लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर ही लहान मुलांसाठीची बंदिस्त केंद्रं आहेत. तिथं सोबत मूल नसेल तर मोठ्यांना एरवी सोडत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या संध्याकाळी ठेवतात. तिकीट काढण्याआधी हा नियम बघून घ्यावा. तसंच कॅमेऱ्याचे नियमही. डिस्नेच्या पार्कांत सेल्फी स्टिकवर २०१५पासून बंदी आहे, मोठे ट्रायपॉड नेता येत नाहीत आणि पैसे घेऊन करायच्या शूटला वेगळी परवानगी लागते.

खोपोलीत सराव होईल का?

होईल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात हा प्रकार बघायला मिळतो. 'सलीमगढ' ही भुताची. 'अलिबाबा और चालीस चोर'मध्ये हातात बंदूक देऊन चोर टिपायला लावतात, म्हणजे एक हात आधीच गुंतलेला. आणि 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर' ही डायनासोरच्या जंगलातून जाणारी होडी. राजासॉरस हे नाव कुणी मनानं ठेवलेलं नाही बरं का. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सापडलेल्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये या मांसाहारी डायनासोरला ते दिलं. फक्त लक्षात ठेवा, ही पाण्याची राइड आहे. कॅमेरा झाकायला काही नसेल तर तो बाहेरच ठेवलेला बरा. आणि शनिवार-रविवार टाळा. शाळांच्या सहली नसलेल्या आठवड्याच्या दिवशी परत परत बसणं जास्त सोपं जातं.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

कारण राइड मरतात.

सिनेमा जुना झाला तरी कुठंतरी ओटीटीवर सापडतो. राइड बंद झाली की ती इमारतीसकट संपते. बाहुल्या निघतात, भिंती पडतात, आणि त्या अंधारात काय होतं हे फक्त बघितलेल्यांना आठवतं. फ्लोरिडाच्या एपकॉट पार्कमध्ये भविष्यातलं जग दाखवणारी 'होरायझन्स' नावाची राइड १९८३ मध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये कायमची बंद पडली आणि नंतर इमारतही पाडली. शेवटच्या काळात दोन चाहते चालत्या राइडमधून उतरून देखाव्यांमध्ये हिंडायचे आणि फोटो काढायचे. त्या राइडचे सगळ्यात बारकाईचे फोटो आज त्यांच्याकडचे आहेत. हे कौतुकानं सांगत नाहीये. चालत्या गाडीतून उतरणं म्हणजे हातपाय गमावण्याचं काम, आणि आज कुणी तसं केलं तर तो थेट पोलिसांच्या हातात जाईल. पण बसल्या जागेवरून नीट फोटो काढणारे तेव्हा आणखी असते तर बरं झालं असतं, एवढं नक्की.

काही बदल तर व्हायलाच हवे होते. पायरेट्समध्ये बायकांचा लिलाव चाललेला देखावा होता. पन्नास वर्षं लोक तो बघत हसत होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही पार्कांनी तो बदलला आणि लिलावातली लाल केसांची बाई स्वतःच समुद्री चाची झाली. 'स्प्लॅश माउंटन' ही राइड १९४६च्या ज्या सिनेमावर बेतली होती, त्यात गुलामगिरीनंतरच्या काळातलं कृष्णवर्णीयांचं जगणं गोड करून दाखवलंय म्हणून कायम टीका झाली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही स्प्लॅश माउंटन बंद झाल्या. फ्लोरिडातली बंद झाल्यावर तिथलं पाणी बरण्यांत भरून लोकांनी ऑनलाइन विकायला काढलं! माझ्या मते निर्णय बरोबर होता. पण काय काढून टाकलं हे पुढच्या पिढीला दाखवायचं असेल तर त्या देखाव्याचा, त्याच्याच उजेडात काढलेला फोटो लागतो. पाण्याच्या बरणीतून काही कळत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. कॅलिफोर्नियातलं हाँटेड मॅन्शन साधारण सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत 'नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'च्या सजावटीत असतं. २००१पासून ही पद्धत आहे. त्या काळात गेलात तर मूळ १९६९चं घर बरंचसं झाकलेलं मिळेल. मूळ रूप हवं असेल तर वसंतात जा. मिस्टर टोडची राइडही तिथं अजून सुरू आहे, पहिल्या दिवसापासूनच्या राइडपैकी एक.

फ्लोरिडातली मिस्टर टोडची राइड मात्र ७ सप्टेंबर १९९८ला बंद झाली. चाहत्यांनी पत्रं लिहिली, टी-शर्ट घालून पार्कमध्ये निषेध केला, उपयोग झाला नाही. त्या जागी विनी द पूची राइड आली. पण ती बनवणाऱ्यांनी आत एक गोष्ट लपवून ठेवली. घुबडाच्या घराच्या देखाव्यात भिंतीवर एक छोटी तसबीर आहे. तिच्यात मिस्टर टोड जागेची कागदपत्रं घुबडाच्या हातात देताना दिसतो. गाडी तिथं थांबत नाही. शटर १/६०, लेन्स पूर्ण उघडी, फोकस आधीच लावलेला, फ्लॅश बंद. दोन-तीन फेऱ्या धरून चला.